बेबीताईंची उघडी फाईल

आमच्या ऑफिसात मधले काही महिने शनिवारी दुपारी हमखास एक आरोळी ऐकू यायची, "वर फाईल उघडी राहिली!" आरोळी खालच्या मजल्यावरून निघायची आणि जिन्याने वर यायची. वर आम्ही दोघंच बसायचो. त्यातला मी काँप्युटरला हातही लावत नसे, हे शिपायापासून साहेबांपर्यंत सगळ्यांना ठाऊक होतं. राहिल्या मगरेबाई.

बेबीनंदा मगरे त्यांचं नाव. बाहेरगावचे लोक त्यांना बेबीताई म्हणायचे, मी बाई म्हणायचो. जालन्यातल्या आमच्या बियाण्याच्या कंपनीत त्या चौऱ्याऐंशी साली टायपिस्ट म्हणून लागल्या. मी गोदामातला साठा बघायला पुढच्या वर्षी आलो आणि माझं टेबल त्यांच्या शेजारी टाकलं गेलं. ते पुढे कुणी हलवलंच नाही. शेजारी शेजारी बसून आम्ही दोघंही म्हातारे झालो.

बाई मूळच्या घनसावंगीकडच्या एका खेड्यातल्या. वडील भिवाजी मास्तर. पोरीने टायपिंगची परीक्षा दिलीच पाहिजे म्हणून हट्टाला पेटलेले. लग्न झालं होतं, पण टिकलं नाही. त्याबद्दल त्या माझ्याशी एकदाच बोलल्या, "झालं ते झालं, काकासाहेब," आणि मशीनमध्ये नवा कागद चढवला. नूतन वसाहतीत एका खोलीत त्या आणि त्यांची आई कौसल्याबाई राहायच्या. आईला ऐकू कमी यायचं, त्यामुळे बाईंना मोठ्याने बोलायची सवय होती. घरातली ती सवय त्यांनी ऑफिसातही आणली, आणि तिचा त्रास शेजारी बसणाऱ्या माणसाला, म्हणजे मला, व्हायचा.

तर शनिवार. त्या दिवशी आमचे फिल्डवाले यायचे. जिल्हाभर शेतकऱ्यांच्या रानात कंपनीचे कपाशीच्या बियाण्याचे प्लॉट असत. ते तपासत फिरणारी ही माणसं. घनसावंगीहून, शहागडहून, जाफराबादहून, कुणी एसटीने, कुणी जीपच्या मागच्या दांडीला लटकून यायचं, पायात आठवड्याचा चिखल घेऊन. येऊन बाईंच्या टेबलाभोवती कोंडाळं करायचं. एकेकाने आपल्या प्लॉटचं तोंडी सांगायचं, पेरणी कधीची, फूल लागलं का, भेसळीची झाडं उपटली का, आणि बाईंनी ते टाईप करायचं.

इथवर कुठल्याही ऑफिसात होतं तसंच. पण बाईंचा एक स्वतःचा कायदा होता. टाईप झालेला कागद त्या सहीला कधीच पुढे करत नसत. आधी तो हातात धरून मोठ्याने वाचून दाखवायच्या. समोरच्याने ऐकायचं आणि शेवटी "बराबर" म्हणायचं. तो "बराबर" म्हणाला की मगच सही. एखादा घाईत असला, म्हणाला, "ताई, द्या हो, माझंच तर हाय," तर बाई कागद खाली ठेवून द्यायच्या. "तुझंच आहे म्हणून तर ऐक. आठवडाभर उन्हात काय केलंस ते दुसरं कोण वाचून दाखवणार आहे तुला?"

आणि खरंच, माणसं ऐकताना बदलायची. जाफराबादचा तातेराव, एरवी तोंडाचा पट्टा चालू असणारा, बाई वाचायला लागल्या की हाताची घडी घालून शाळेतल्या पोरासारखा उभा राहायचा. मध्येच कुणी म्हणायचं, "थांबा ताई, त्या रानात भेसळ राह्यली थोडी, लिहा तसं." मग दुरुस्ती, पुन्हा वाचन, पुन्हा "बराबर". तोवर चहा यायचा. बाईंनी या शनिवारच्या गर्दीसाठी पदरचे कप आणून ठेवले होते, निळ्या काठाचे. ते खिडकीत पालथे असत. जाफराबादहून हरभऱ्याचे डहाळे यायचे, घनसावंगीहून ऊस. शहागडच्या धर्मराजने तर एकदा गोदावरीतला मासा पेपरात गुंडाळून आणला, आणि साहेब दिवसभर नाक वर करून वास शोधत फिरले. कुणाची सोयरीक, कुणाचं भांडण, कुणाच्या म्हशीला रेडकू, सगळं त्या टेबलावर यायचं. मला या गलक्याचा भयंकर वैताग यायचा. माझ्या बेरजा चुकायच्या. मी खुर्ची आपटायचो, खाकरायचो. उपयोग शून्य.

दोन हजार दोन साली कौसल्याबाई गेल्या. बाई चार दिवस आल्या नाहीत, मग आल्या आणि काम करू लागल्या. फक्त आता त्या संध्याकाळी ऑफिस सुटलं तरी लवकर उठत नसत. एकदा मी छत्री विसरलो म्हणून परत आलो तर त्या रिकाम्या टेबलाशी बसलेल्या. "घरी जाऊन बोलू कुणाशी?" त्या म्हणाल्या. मी छत्री घेतली.

पुढच्याच वर्षी काँप्युटर आले. बाईंच्या टेबलावरचं टाईपरायटर उचललं आणि तिथे एक ठेवला, खाली आणखी काही ठेवले, आणि सगळ्यांना तारेने जोडलं. हे करायला बद्रीनाथ नावाचा तिशीतला माणूस नेमला. माणूस हुशार आणि सरळ, पण बोलायला लागला की थांबायचा नाही. त्याने सगळ्यांना खाली बोलावून समजावलं, "आता प्लॉट तपासणीची सगळ्यांची मिळून एकच फाईल. ती सगळ्या काँप्युटरवर दिसणार. ज्याने त्याने यायचं, खालीच बसून आपलं आपलं भरायचं, निघायचं. कागद घेऊन कुणी कुणाकडे जायची गरजच नाही."

साहेबांनी टाळ्या वाजवल्या, म्हणून आम्हीही वाजवल्या. सगळे पडद्याकडे बघत होते. बाई बद्रीनाथकडे बघत होत्या. "म्हणजे वर कुणी येणार नाही?" त्यांनी विचारलं. "अजिबात त्रास होणार नाही तुम्हाला मॅडम," तो म्हणाला, अगदी मनापासून.

आणि झालंही तसंच. फिल्डवाले यायचे, खाली एकेका बोटाने बटणं शोधत भरायचे आणि गाडी गाठायला पळायचे. वर बाईंना काम एवढंच उरलं, की संध्याकाळी फाईल नजरेखालून घालायची आणि छापून साहेबांच्या टेबलावर ठेवायची. तातेरावचं हसू जिन्यातून वर ऐकू आलं की बाईंचे हात थांबायचे. मग खालचं दार वाजायचं. शनिवारी सकाळी मात्र त्या कप धुवून खिडकीत पालथे घालायच्या, आधीसारखेच. ते कप बघून मला राग यायचा. कुणाचा, ते सांगता येणार नाही. मला हवी होती ती शांतता आता मिळाली होती, माझ्या बेरजा बरोबर येत होत्या, आणि ते ऑफिस मला नकोसं झालं होतं.

मग एका शनिवारी बाई फाईल उघडून बसल्या आणि अंगात कणकण होती म्हणून टेबलावर डोकं टेकवून तशाच पडून राहिल्या. या फाईलची एक खोड होती. एकाने ती उघडली की ती बंद होईपर्यंत दुसऱ्याला तिच्यात काही लिहिता येत नसे. नुसती वाचता यायची, आणि पडद्यावर चौकट यायची, की ही फाईल सध्या बेबीनंदा मगरे वापरत आहेत. खाली सगळे अडकले. बद्रीनाथ रजेवर. शेवटी जिन्यात पावलं वाजली आणि तातेरावचं डोकं वर आलं.

"ताई, फाईल सोडा ना. आम्ही कवापासून बसून राह्यलो." मग त्यांचा चेहरा बघून, "का हो, तब्येत बरी न्हाई का?"

मागोमाग धर्मराज आला, घनसावंगीचा माणूस आला. कुणी गोळी आणली, कुणी चहा सांगितला. अर्धा तास पूर्वीसारखा गलका झाला. ते गेल्यावर बाईंचा ताप उतरल्यासारखा दिसत होता.

पुढच्या शनिवारी फाईल पुन्हा उघडी राहिली. त्याच्या पुढच्याही. आरोळ्या सुरू झाल्या, पावलं वाजू लागली. "अगं बाई, विसरलेच की," बाई म्हणायच्या. "आलाच आहेस तर बस." मी बाजूला बसून बघत होतो. फाईल उघडी असायची आणि बाईंचे दोन्ही हात मांडीवर असायचे. जी बाई एक स्वल्पविराम विसरत नाही, ती फाईल बंद करायला विसरते होय? मला कळलं होतं आणि मी गप्प बसलो. साहेबांनी विचारलं असतं तरी सांगितलं नसतं.

पण हे किती दिवस चालणार? एका शनिवारी पाऊस लागलेला, तातेरावच्या घरी पोरगी आजारी, आणि त्याला फाईल मिळेना. तो वर आला तेव्हा त्याची जाफराबादची गाडी निघून गेली होती. आल्या आल्या त्याने टेबलावर हात आपटला.

"ताई, हे काय चालू हाय? मागल्या शनिवारी बी तसंच. तुमच्या एका फाईलीपायी माझी गाडी गेली! जरा बटण दाबायला काय जातं तुमचं?"

बाईंचा तो मोठा आवाज मी पहिल्यांदाच इतका लहान झालेला ऐकला.

"फाईल बंद असती, तर तू वर आला असतास का रे, तातेराव?"

बाहेर गोदामाच्या पत्र्यावर पाऊस वाजत होता. तातेरावने ओला रुमाल खांद्यावरून काढला, खुर्ची ओढली आणि बसला. मी उठून माझ्या टेबलावरचा फोन त्याच्यापुढे सरकवला. त्याने गावातल्या दुकानात फोन लावून घरी निरोप दिला. पोरीचा ताप उतरला होता. "दुसरी गाडी हाय सातला," तो माझ्याकडे न बघता म्हणाला. आणि बाईंना म्हणाला, "माझं तुम्हीच भरा ताई. अन् वाचून दाखवा."

बाईंनी भरलं, वाचून दाखवलं. तातेराव "बराबर" म्हणाला आणि त्याने खाली बघून डोळे पुसले. मीही तेव्हा खिडकीकडे तोंड केलं होतं.

तो आरडाओरडा खाली बद्रीनाथने ऐकला होता आणि साहेबांच्या कानावर घातला. सोमवारी साहेबांनी बाईंना बोलावून सांगितलं, रागावले नाहीत, पण काम झालं की फाईल बंद करायची, अशी ताकीद दिली. "माझ्यामुळे त्याची गाडी गेली," एवढंच बाई मला म्हणाल्या. त्यानंतर त्यांची फाईल एकदाही उघडी राहिली नाही. तातेराव काही शनिवार मुद्दाम वर येऊन गेला, मग त्याला आणखी गावं दिली, मग तोही येईनासा झाला. त्याला दोष देता येत नाही. गाडी कुणासाठी थांबत नसे.

दोन हजार आठला बाई निवृत्त झाल्या. शाल, नारळ, भाषणं. साहेब म्हणाले, मॅडमनी नव्या पद्धतीशी फार छान जुळवून घेतलं. बाई गावी वडिलांच्या घरात राहायला गेल्या. कप न्यायचे राहिले. मी आठवण केली नाही, कारण खिडकीत ते असलेले मला बरे वाटत. त्यांचा काँप्युटर माझ्या टेबलावर आला आणि मला या वयात शिकावा लागला. बद्रीनाथ म्हणाला होता, याच्यात अजून मॅडमचंच नाव आहे, बदलून देतो. द्यायचं राहून गेलं.

दिवाळीनंतरचा शनिवार असेल. मी साठा जुळवायला म्हणून ती फाईल उघडली आणि चष्मा पुसत बसलो. एवढ्यात जिन्यात पावलं वाजली, दोन दोन पायऱ्या एकदम चढणारी. तातेराव धापा टाकत वर आला. तोंडभर हसू.

"ताई आल्या का? खाली नाव दिसून राह्यलं त्यांचं!"

मग त्याने बाईंचं रिकामं टेबल बघितलं, शेजारच्या खुर्चीत मला बघितलं. हसू हळूहळू गेलं. मी काँप्युटरकडे बोट केलं आणि काय झालं ते सांगितलं.

"लावा त्यांना फोन," तो म्हणाला.

मी लावला. बराच वेळ वाजला. मग तोच मोठा आवाज, "हॅलो! कोण?"

"बाई, मी काकासाहेब. तुमची फाईल उघडी राहिलीय. खाली सगळे अडकलेत."

मग त्या म्हणाल्या, "वर आलं का कुणी, सांगायला?"

मी खोलीकडे बघितलं. समोर तातेराव एकटा उभा होता. खालचं दार वाजत होतं, आपलं आधीच भरून झालेले बाकीचे आपापल्या गाड्यांना निघाले होते.

"सगळे आलेत," मी म्हणालो. "तुमच्या टेबलाभोवती उभे आहेत."

"मंग उभे का ठेवलेत त्यांना?" बाई ओरडल्या. "बसवा की काकासाहेब. चहा सांगा. कप खिडकीत आहेत."