गव्यांच्या पाण्यावर हुपरीची लेक

कोल्हापूरच्या मोटार स्टँडवर आप्पांनी माझी ट्रंक राधानगरीच्या गाडीच्या टपावर चढवली, दोरी ओढून घट्ट आहे का ते पाहिलं आणि मग माझ्या पायांकडे बघितलं. लेक सासरी निघाली तर लोक तिच्या तोंडाकडे बघतात, पण अक्का, आपण हुपरीची माणसं आधी पाय बघतो आणि मग माणूस. माझ्या पायांत त्यांनी स्वतः घडवलेली चांदीची पैंजणं होती, भरगच्च घुंगरांची. मी उंबऱ्यातून निघाले की चार घरं पलीकडे कळायचं. आप्पा म्हणाले, "हुपरीची लेक हाईस. दबकत चालू नगंस. आन् करमलं न्हाई तर कळीव, मी येतो की न्यायला." गाडी सुटली तेव्हा ते पाठमोरे होऊन दुसऱ्याच मोटारीकडे बघत उभे होते. त्यांनी साधा हातसुद्धा केला नाही याचा मला राधानगरीपर्यंत राग होता. ते रडत होते, हे कळायला मला बरीच वर्षं लागली.

संस्थान मुंबई राज्यात विलीन झालं, त्याच्या पुढचाच तो उन्हाळा. लग्नाला महिना झाला होता. आमचे हे मूळचे मलकापूरकडचे, दाजीपूरच्या जंगलात रखवालदार. संस्थानात ते शिकारखान्याकडे होते. उन्हाळ्यात कुठल्या पाण्यावर कुठलं जनावर येतं ते बघून ठेवायचं आणि शिकार निघण्याआधी वर कळवायचं, हे त्यांचं काम. संस्थान गेलं, हे रखवालदाराचे फॉरेस्ट गार्ड झाले, आणि नव्या रेंजर साहेबांनी यांना तेच काम सांगितलं. पाण्यावर बसा, जनावर बघा, रिपोर्ट द्या. फरक एवढाच की आता रिपोर्टच्या मागून बंदूक येत नव्हती. हे म्हणायचे, "काम त्येच हाय, पर आता झोप लागती."

त्यांना झोप लागायची, मला लागत नव्हती. आपल्या घरात पहाटेपासून हातोडीची ठकठक, पोरांची रडारड, कड्या जोडता जोडता बायकांच्या गप्पा, त्यात आप्पांचं सगळ्यांवर ओरडणं. आपल्याकडे कानात सांगायची गोष्टसुद्धा रस्त्यावर ऐकू जाते. आणि इथं दोन खोल्यांचं कौलारू क्वार्टर, मागं डोंगर, पुढं उतार आणि उताराच्या तळाशी एक डोह. शेजार म्हणावा तर धनगरवाडा, तोही डोंगराच्या पलीकडे. मी भांडी घासताना मुद्दाम आपटायचे. कुणीतरी "अगं हळू" म्हणावं म्हणून. कुणी म्हणत नव्हतं. मिरजेला, सोलापूरला, मुंबईला दिलेल्या आपल्या पोरी गर्दीला कंटाळल्या म्हणून रडतात. त्यांना मी काय सांगू? मला दिवसात एक भांडणसुद्धा मिळत नव्हतं.

त्या जंगलात उन्हाळा म्हणजे वणव्याचे दिवस. कुठं धूर दिसला की यांची ड्यूटी सुरू, मग चार-चार दिवस घरी पाय नाही. जाताना मला सांगून गेले, "सांजंला पाण्यावर काय काय येतंय त्येवढं बघून ठेव. मी आलो की सांग." मला बरं वाटलं. निदान काहीतरी काम. मी रोज ऊन कललं की घागर घेऊन डोहावर जायचे, पाणी भरायचे आणि वरच्या कातळावर बसून बघायचे. एक रानकोंबडा दिसला, वानरं दिसली, बाकी काही नाही. हे परत आले ते काळेठिक्कर होऊन, भुवया जळालेल्या. हातपाय धुवायच्या आधी विचारलं, "काय आलतं?"

"काय सुदीक न्हाई."

 त्यांची नजर हळूहळू खाली गेली आणि माझ्या पायांवर थांबली. "ती काढून ठेव की," ते म्हणाले. "त्येंच्या आवाजानं जनावर बुजतंय."

माझ्या अंगाची लाही झाली. आपल्या घरात लेकीसुनेचे पाय कधी मोकळे दिसतात, ते तुला सांगायला नको. घरात माणूस गेलं तरच. मी म्हणाले, "माझ्या बानं घातल्यात ती. काढणार न्हाई." ते चिडले असते तर बरं झालं असतं. पण ते खालच्या आवाजात एवढंच म्हणाले, "ह्या बाजूला औंदा दुसरं पाणी ऱ्हायलं न्हाई. तहानल्यात ती." आणि भाकरी खाऊन परत वणव्यावर गेले.

दुसऱ्या दिवशी मी मुद्दाम जास्तच ठसक्यात चालत डोहावर गेले. घागर बुडवली, मान वर केली, तर समोरच्या झाडीत एक गवी उभी होती. गवा तू पाहिला नाहीस. म्हशीपेक्षा थोराड, अंग काळपट, आणि चारही पाय गुडघ्यापर्यंत पांढरे, पायमोजे घातल्यासारखे. माझी नजर आधी तिथंच गेली. तिच्या पोटाशी वासरू होतं. त्याच्या बरगड्या दिसत होत्या. ती पाण्याकडे बघत होती आणि मी बाजूला व्हायची वाट बघत होती. मी बाजूला व्हायला पाऊल उचललं. घुंगरं वाजली. गवी वळली आणि वासराला ढुशी देत झाडीत गेली. थोड्या वेळानं पुन्हा आली. मी पुन्हा हलले, ती पुन्हा गेली. तिसऱ्यांदा मी पाय न हलवता तिथंच खाली बसले आणि मला रडू फुटलं. ते रडू वासरासाठी होतं की माझ्या स्वतःसाठी, ते मला आजही सांगता येणार नाही.

काढायची तर नव्हतीच. पण आपण पेठेत माल नेताना काय करतो ते आठवलं. वाटेत माल वाजला की चोराला आमंत्रण, म्हणून आप्पा प्रत्येक जोडाची घुंगरं चिंध्यांनी आवळून बांधायचे. मी लुगड्याचा काठ फाडला आणि तिथंच पाण्याकाठी दोन्ही पैंजणं तशीच बांधून टाकली. पायांतच, पण मुकी. मग कातळावर जाऊन बसले. गवी आली. वासरानं पाण्यात तोंड घातलं ते बराच वेळ वर काढलंच नाही.

त्यानंतरचे उन्हाळे मी बघण्यात घालवले. गव्यांच्या कळपात एक म्हातारा होता, अगदी आपल्या थोरल्या चुलत्यांसारखा. स्वतः आधी पाणी प्यायचं आणि मग सावलीला उभं राहून बाकीच्यांवर देखरेख करायची. भेकर कुत्र्यासारखं भुंकतं हे मला आधी खोटंच वाटलं होतं. जांभळं पिकली की अस्वल यायचं, आणि आल्यावर ते कुणाच्या बापाला भ्यायचं नाही. हे घरी आले की मी सगळं सांगायचे आणि ते साहेबांना कळवायचे. माझ्या बोलण्यात पाणवठा, बीट, जाळरेषा असले जंगलखात्याचे शब्द आले. चार दिवस माहेरी यायचे तेव्हा तुम्ही हसायचात. हुपरीची मोटार धरण्याआधी मी स्टँडवरच चिंध्या सोडून पिशवीत ठेवायचे, म्हणून तुमच्यापैकी कुणाला काही कळलं नाही. आईला मात्र एकदा, घुंगरं मोकळी असूनही, मी मागं जाऊन उभी राहिलेली कळलंच नाही. ती दचकली आणि म्हणाली, "मांजरावानी कवापास्नं चालाय लागलीस?"

मग एका आखितीच्या सणाला आप्पा न कळवता मला न्यायला आले. राधानगरीपासून बैलगाडीनं, घामाघूम होऊन. मी दारात गेले. त्यांनी माझ्या पायांकडे बघितलं आणि खांद्यावरची पिशवीसुद्धा खाली ठेवली नाही.

"कुणी बांधली? त्येनं?"

"न्हाई आप्पा. मीच."

मी सगळं सांगितलं. गवी, वासरू, पाणी. ते ऐकून घेत होते, पण त्यांचा चेहरा काही सैल होत नव्हता. शेवटी म्हणाले, "माल वाटंत असला की बांधत्यात. घरात पोचल्यावर सोडत्यात. किती उन्हाळं झालं? तू हितं पोचलीच न्हाईस पोरी. चल घरला, कायमची."

ते खरं बोलत होते. नवरा भला होता, पण उन्हाळाभर नव्हताच. मूलबाळ नव्हतं. कितीतरी दिवस असे जात की माझ्या तोंडून एक शब्द बाहेर पडत नसे. मला हुपरीला जायचं होतं अक्का, हे तुला आज सरळ सांगते. मी ट्रंक भरली. फक्त म्हणाले, एवढी सांज डोहावर बसू आणि सकाळी निघू.

आप्पा आणि गप्प बसणं, दोन टोकं. कातळावर बसल्या बसल्या त्यांनी दोनदा काहीतरी बोलायला तोंड उघडलं आणि मी दोन्ही वेळा त्यांच्या गुडघ्यावर हात ठेवला. मग कळप आला. म्हातारा पुढं, वासरं मधे. उतारावरचा पाचोळासुद्धा वाजला नाही. आप्पा कानात बोलल्यासारखे म्हणाले, "येवढं धूड, आन् पायाचा आवाज न्हाई." 

सकाळी मी ट्रंक दारात आणली तर त्यांनी ती उचलून पुन्हा आत ठेवली. म्हणाले, "सांजंला मी जनावरांकडं कमी आन् तुझ्या तोंडाकडं जास्त बघत हुतो. त्येवढं सुख मला हुपरीत देता यायचं न्हाई. ऱ्हा हितं. पर एक कर. दिसातनं एकदा तरी मोठ्यानं बोलत जा. कायबी बोल. न्हाईतर बोलायचं इसरशील." आणि गाडीवानाला हाक मारून ते निघाले.

मी त्यांचं ऐकलं. भर दुपारी पाण्यावर कुणी नसतं, जनावरं गर्द सावलीत रवंथ करत बसलेली असतात. तेव्हा मी दारात उभी राहून हुपरीतल्या एकेकाचं नाव घेऊन हाक मारते. तुझं, आईचं, चुलत्यांचं, शेजारणीचंसुद्धा, जिच्याशी आपलं कधी पटलं नाही. पहिल्या उन्हाळ्यात माझी हाक गेली की झाडीत धाडधाड पळापळ व्हायची आणि मी लाजून आत यायचे. तरी मी ते सोडलं नाही. गेल्या पावसाळ्यात आप्पा गेले. त्यांचं नाव मी अजून घेते, आणि ते सगळ्यांत मोठ्यानं.

आता साहेबलोक या जंगलाला अभयारण्य म्हणतात, बाहेरची माणसं जनावरं बघायला येतात. त्यांच्यातलं कुणी विचारतं, बाई, तुमचं घर कुठलं? मी सवयीनं हुपरी म्हणून सांगते.

पण परवा दुपारी मी दारातून आप्पांना हाक मारली, तेव्हा उताराच्या कडेला करवंदीच्या जाळीमागं एक गवा बसलेला होता. मला तो आधी दिसलाच नव्हता. हाक पार डोहापर्यंत गेली. त्यानं कान हलवला, माशी हाकलावी तेवढाच, आणि मान न उचलता रवंथ करत राहिला. मी पुन्हा हाक मारली. तो हललाही नाही. माझा आवाज त्याच्या रोजच्यातला झाला होता. मी इथं पोचले, हे आप्पांना सांगायला हवं होतं. ते आता नाहीत, म्हणून अक्का, तुला सांगते आहे.