दिगूने दिलं नाही ते चित्र

दिगू गेल्याचं मला भाजीबाजारात कळलं. मी मेथी निवडत होतो आणि शेजारी उभे असलेले, त्याच्याच गल्लीतले एक गृहस्थ म्हणाले, "तुमचे दिगंबरराव गेले की काल संध्याकाळी. कळलं नाही का तुम्हाला?" माणूस गेल्याचं कळल्यावर मनात काय यायला हवं ते मला ठाऊक आहे. माझ्या मनात आलं ते एवढंच, की आता ते चित्र सोनाबाईला मिळेल. आणि बरं वाटलं. इतक्या वर्षांच्या ओळखीचा माणूस गेल्यावर बरं वाटतं, म्हणून कुणाला मला नावं ठेवायची असतील तर खुशाल ठेवावीत. या पुरवणीच्या संपादकांनी "दोन चांगले शब्द लिहून द्या" असा निरोप पाठवला, तेव्हा मी त्यांनाही सांगितलं, लिहितो, पण चांगले असतीलच असं नाही. त्यांना तो विनय वाटला.

दिगंबर सरकारी बांधकाम कचेरीत ट्रेसर होता. साहेबांचे नकाशे पारदर्शक कागदावर शाईने उतरवायचे, हे त्याचं काम. दिवसभर दुसऱ्याच्या रेघांवर रेघ ओढून तो इतका कावलेला असायचा, की सुटल्यावर त्याला स्वतःची रेघ हवी असे, आणि तीही माणसाची. देखावे, होड्या, सूर्यास्त काढणाऱ्यांना तो हसायचा. पण जळगावात चित्रकारासमोर तासभर बसणार कोण? मोठ्या शहरांतल्या चित्रशाळांत म्हणे त्यासाठी माणसं ठेवतात. आपल्याकडे एखाद्याकडे दोनदा पाहिलं, की तो "काय पाहिजे?" म्हणून अंगावर येतो. बायकोला बसवून पाहिलं, तर कुकरची शिट्टी झाली की वहिनी उठून जायच्या. मग दिगूने झोपलेली माणसं धरली. एसटी स्टँडवर, रेल्वेच्या फलाटावर, मेहरूणच्या तलावाकाठी लिंबाखाली, जिथे कुणी पाय पसरून घोरत असेल तिथे हा मांडीवर फळी घेऊन बसायचा. झोपलेला माणूस हलत नाही, आणि चित्र आपल्यासारखं झालं नाही अशी तक्रारही करत नाही. यातलं दुसरं कारण त्याला जास्त सोयीचं होतं, असं मला आता वाटतं.

मी विम्याच्या कचेरीत कारकून. मलाही चित्रांचा नाद होता, म्हणून कितीतरी रविवार त्याच्याबरोबर घालवले. सकाळी सुरतकडे जाणारी पॅसेंजर धरायची, एखाद्या लहान स्टेशनवर उतरायचं, दुपारभर काढत बसायचं आणि संध्याकाळच्या गाडीने परत. हात चांगला होता त्याचा, ते मी नाकारत नाही. कोळशाच्या एका फटक्यात कुशीवर वळलेल्या माणसाची पाठ उभी करायचा. पण स्वभाव... माझा कागद हातात घ्यायचा आणि न विचारता माझ्या रेघेवर स्वतःचा कोळसा चालवायचा. "खांदा इथे नसतो, बाबा, इथे असतो." घरी आल्यावर पाहावं तर चित्रात माझं काही उरलेलंच नसे. आधी मला हे गुरूचं प्रेम वाटलं. नंतर कळलं, की याला कुठलीच गोष्ट आहे तशी राहू देववत नाही. हळूहळू मी कोळसा सोडून दिला आणि नुसताच बरोबर जाऊ लागलो.

असेच एका मे महिन्यात आम्ही नरडाण्याला उतरलो होतो. फलाटावरच्या बाकड्यावर एक शेतकरी आडवा झाला होता. पन्नाशीचा, धोतर नेसलेला, टोपी छातीवर ठेवलेली. दिगू त्याच्यासमोर जमिनीवरच बसला आणि काढू लागला. उन्हाने फलाट तापलेला, वारा नाही. इतक्या जिवंतपणे काढताना मी त्याला कधी पाहिलं नव्हतं. गाडी आली, लोक चढले-उतरले, आरडाओरडा झाला, तरी बाकड्यावरचा माणूस हलेना. मी म्हणालो, "अरे, याला उठव. गाडी चुकेल बिचाऱ्याची." दिगू मान वर न करता म्हणाला, "थांब. हात राहिलाय." गाडी निघून गेली. मी जवळ जाऊन त्या माणसाच्या दंडाला हात लावला आणि काय ते समजलो. हमालाला हाक मारली, स्टेशनमास्तर धावत आले. दिगूने तोवर हात पुरा केला होता. उन्हाने गेला, आम्ही यायच्या सुमारासच गेला असावा, असं डॉक्टर म्हणाले. म्हणजे दिगूच्या थांबण्याने काही बिघडलं नव्हतं. हे तो मला पुढे अनेकदा ऐकवायचा. मी म्हणायचो, बिघडलं नाही हे तुला नंतर कळलं, दिगू.

गेलेल्याचं नाव हिलाल. नरडाण्याजवळच्याच एका खेड्यातला. दिवस-कार्य उरकल्यावर त्याची बायको सोनाबाई आणि दीर, दोघं पत्ता शोधत जळगावला आले. आमच्याबद्दल हमालाने सांगितलं होतं. मी तेव्हा दिगूच्या ओट्यावरच बसलो होतो. बाई खाली पायरीवर बसली आणि म्हणाली, "भाऊ, तुमीन त्यास्नं चित्तर काढेल शे म्हने. आमनाजोडे त्यास्ना एक बी फोटू नही. लगीनमा बी काढा नही. ते चित्तर माले द्या." दिगूने चहा सांगितला, पण त्यांना आत बोलावलं नाही. कोळशाचं काम आहे, हात लागला की पुसतं, असं म्हणून चित्र दाखवलंसुद्धा नाही. हे प्रदर्शनात जायचंय, तुम्हाला दुसरं काढून देतो, म्हणाला. बाईने मान डोलावली. शहरातला शिकलेला माणूस देतो म्हणतोय, म्हणजे देणारच, असं तिला वाटलं.

दुसरं चित्र त्याने काढलंच नाही. सोनाबाई मात्र दर हिवाळ्यात येत राहिली. येताना पिशवीभर भरताची वांगी आणायची. दिगू वांगी ठेवून घ्यायचा, भरीत खायचा, मलाही बोलवायचा, आणि चित्र पुढच्या वर्षी. एकदा मी त्याला स्पष्ट विचारलं, "तुझ्याकडे शेकडो झोपलेले पडलेत. हा एक दिलास तर काय होईल?" तो म्हणाला, "ते माझं सर्वांत चांगलं काम आहे. माणूस त्यांचा असेल, चित्र माझं आहे." मी म्हणालो, "त्या माणसाने तुला विचारून तरी मरायला हवं होतं." त्याला हसू आलं. त्याला हसू आलं, म्हणून मी त्याच्या घरी जाणं बंद केलं. रस्त्यात भेटला तर मान हलवायची, बस. त्यानंतर सोनाबाई आली, की वहिनी तिला परस्पर माझ्याकडे पाठवायच्या. माझी बायको तिला जेवायला वाढायची. वांगी मात्र मी कधी घेतली नाहीत.

मागच्या आठवड्यात त्याची शोकसभा झाली. सामान्य माणसावर निरतिशय प्रेम करणारा कलावंत, असं एक वक्ता म्हणाला. दुसरा म्हणाला, त्यांनी श्रमिकाच्या निद्रेला अमर केलं. माझं नाव वक्त्यांत होतं. ते पुकारलं तेव्हा मी चप्पल शोधत होतो.

दुसऱ्या दिवशी वहिनींचा निरोप आला. गेलो, तर त्यांनी जाड कागदात सुतळीने बांधलेली एक लांबट गुंडाळी पुढे केली. "भाऊजी, हे त्या बाईला पोचवा. मी इतकी वर्षं म्हणत होते. ते ऐकत नव्हते... सारखे याच्यावर काहीतरी करत बसायचे." त्या रडत होत्या. नवऱ्यासाठी की या गोष्टीसाठी, ते मला कळलं नाही. कोळसा पुसला जाईल या भीतीने मी गुंडाळी उघडली नाही. तशीच घेऊन गाडीत बसलो.

सोनाबाई आता थकलीय. सून आणि नातवंडं भोवती जमली. मी सतरंजीवर कागद सोडवला आणि चित्र पसरलं. बाई वाकून कितीतरी वेळ पाहत राहिली. मग मला विचारलं, "भाऊ, हाऊ कोन शे?"

मीही तेव्हाच पाहत होतो. बाकडं तेच, धोतर तेच. पण चेहरा... कुठल्याशा परीक्षकाने हनुवटी दुबळी म्हटल्याचं दिगूने मला पूर्वी सांगितलं होतं. ती आता दगडासारखी झाली होती. गालफडं वर आली होती, कपाळावर आठ्या होत्या, ओठांवर झुपकेदार मिशा होत्या. चेहऱ्यापाशी कागद चोळून चोळून लोकरीसारखा झाला होता. हातही जाडजूड, प्रदर्शनात शोभतील असे राबणारे हात. नरडाण्याच्या फलाटावर मी ज्याच्या दंडाला हात लावला तो सडपातळ, मऊ तोंडाचा माणूस त्यात कुठेच नव्हता. बाईला एवढी वर्षं जे दिलं नाही, ते दिगूने घरात बसून, मन लावून, थोडं थोडं खोडून टाकलं होतं. मला इतका संताप आला, की तो मेलेला आहे याचाही राग आला.

"हाई तोंड त्यास्नं नही," सोनाबाई म्हणाली. तक्रार नव्हती, नुसतं सांगितलं. मग तिची नजर सरकत सरकत बाकड्याच्या दुसऱ्या टोकाला गेली आणि तिथेच थांबली. पायांबद्दल कुठला परीक्षक काही बोलला नसावा, म्हणून पाय त्या दुपारचेच राहिले होते. धुळीने भरलेले, टाचा फुटलेल्या, आणि बैलगाडीचं चाक जाऊन चपटा झालेला डावा अंगठा. बाईने त्या अंगठ्यावर बोट ठेवलं. कोळसा बोटाला लागला. "पाय त्यास्नाच शेतस," ती म्हणाली, आणि मग रडली. पुरेसं रडून झाल्यावर तिने सुनेला सांगितलं, "कातर लई ये वं."

तिने गुडघ्यापाशी कातर लावली आणि सावकाश, कापड बेतावं तसा कागद कापला. पाय पदराखाली घेतले. चौकट करून देऊ का, असं मी विचारलं, तर नको म्हणाली. उरलेलं चित्र तिने नीट गुंडाळून, त्याच सुतळीने बांधून माझ्या हातात दिलं. "हाई तुमी लई जा, भाऊ. आमले बठ्ठं नको, पायच बस."

ते आता माझ्या घरी कपाटावर पडून आहे. दिगंबररावांचं सर्वांत चांगलं काम. शोकसभेत बोललेल्यांपैकी कुणाला हवं असेल तर येऊन घेऊन जावं. मला ते घरात नको आहे.