फोर्क हलेना, मी वाकेना!

हसायचं नाही, हे आधी कबूल करा, मगच सांगतो. आणि चहाचा कप खाली ठेवा, नाकातून येईल.

तर मी माउंटन बाइक घेतली. का? आमच्या उलव्याचे रस्ते बघितलेत का? निम्मे झालेत, निम्मे होतायत! खरं तर सायकल स्मिताला, म्हणजे माझ्या बायकोला, स्वतःलाच हवी होती. तिने अट घातली, "रविवारी एक चक्कर मारून ये. कंबर धरून आलास तर सायकल माझी."

"अगं, पुढच्या चाकाला सस्पेन्शन फोर्क आहे! सगळे धक्के तोच खातो!"

शनिवारी पार्किंगमध्ये अख्खी सोसायटी बघायला जमली. तळमजल्यावरचे म्हात्रेकाका इथल्या गावातलेच, अंगाने हे एवढे! ते हँडलवर दोन्ही हात टेकून रेलले. फोर्क सूतभर खाली जाईल तर शपथ!

"बाला, यो तं हालंच नाय," काका म्हणाले.

इथे शहाण्या माणसाने विचार केला असता. मी छाती फुगवली! "मजबुती म्हणतात याला, काका! दबतो तो फोर्क कच्चा." वर व्हिडिओ काढून सोसायटीच्या ग्रुपवर टाकला.

रविवारी निघालो. आईशप्पथ सांगतो, पहिल्या खड्ड्यात मनगटं गेली, दुसऱ्यात कंबर. पेव्हर ब्लॉकवर माझे दात असे वाजायला लागले की मागे लागलेली कुत्रीसुद्धा घाबरून थांबली. तरी मी मनात काय म्हणतोय? वा, काय दणकट फोर्क आहे!

परत आलो तर स्मिता आणि काका खालीच उभे. सायकल हातची जायला नको म्हणून दात आवळून ताठ उतरलो.

"कंबर?"

"एकदम ओके!"

"मग एवढा घाम?"

"ऊन आहे ना!" आभाळ गच्च भरून आलेलं.

तिला पटेना. म्हटलं, "काका, दाखवा हिला फोर्कची ताकद!" काका सगळं वजन टाकून रेलले. स्मिता मात्र फोर्कच्या डोक्यावरचं निळं बटण निरखत होती.

"अरे, यावर 'लॉक' लिहिलंय. सपाट रस्त्यावर फोर्क दबू नये म्हणून असतं हे. तू खड्ड्यांतून असाच गेलास?" आणि तिने ते फिरवलं.

फस्स! फोर्क खाली, फोर्कबरोबर काका खाली! त्यांना धरायला मी झटकन वाकलो आणि कंबरेत कट्‌कन आवाज झाला. वाकलो तो वाकलोच!

"सरळ उभा राहा बघू," स्मिता म्हणाली.

मी आपला माझ्याच चपला बघतोय. बाईसाहेब सायकलवर बसल्या, स्पीडब्रेकरवरून लोण्यासारख्या गेल्या, "अय्या, किती मऊ आहे रे!" म्हणाल्या आणि गेटबाहेर पसार!

काका उठले, पँट झटकली. मग माझ्या पाठीवरून हळूच हात फिरवत म्हणाले, "सायकलीचा बटन तं घावला. बाला, तुजा कुटं हाय रं?"