वहिनींची कॉमेंट्री

मी भित्री आहे हे आमच्या नेपरव्हिल गावातल्या मराठी गोतावळ्यात सगळ्यांना ठाऊक आहे. दुसरं कुणी गाडी चालवत असलं की मागच्या सीटवर बसून मी नसलेला ब्रेक दाबत राहते. चाळीस वर्षं यावरून सगळ्यांनी माझी यथेच्छ टिंगल केली आहे. त्यामुळे गेल्या उन्हाळ्यात मी खरोखर घाबरले, तेव्हा कुणी माझ्याकडे ढुंकूनही पाहिलं नाही.

खरं तर जायचं होतं नॉर्वे-स्वीडनला. आम्ही नवरा-बायको आणि दादा-वहिनी, असे चौघं, भाड्याची गाडी घेऊन तीन आठवडे. हॉटेलं बुक झाली होती, मी नवे बूटही घेतले होते. आणि एप्रिलमध्ये दादांनी अचानक सगळं कॅन्सल करायला लावलं. "तिकडे बोगदे फार आहेत यार. मैलन् मैल अंधारात काय बघायचं? आपण कोलोरॅडोला जाऊ. आपली गाडी, आपले रस्ते." मी चिडले, पण गप्प बसले. दादांपुढे आम्ही कुणी बोलत नाही.

दादा आमचे नात्याने कुणी लागत नाहीत. आम्ही या देशात उतरलो त्या दिवशी बर्फ पडत होता आणि माझ्या पायात चपला होत्या. नवऱ्याच्या कॉलेजातले सीनियर, एवढ्याच ओळखीवर दादा विमानतळावर आले होते, येताना माझ्यासाठी वहिनींचे लोकरीचे मोजे घेऊन. पुढे मला गाडी चालवायलाही त्यांनीच शिकवलं, रविवारी सकाळी मॉलच्या रिकाम्या पार्किंग लॉटमध्ये. मी स्टिअरिंग घट्ट धरून रडकुंडीला यायचे तेव्हा म्हणायचे, "भीती वाटली की इंडिकेटर द्यायचा, गाडी बाजूला घ्यायची आणि थांबायचं. त्यात लाज कसली?" तेव्हापासून चौघं कुठेही निघालो की गाडी दादांच्याच हातात असते. त्यांच्याकडे चावी मागावी असं कुणाच्या मनातही येत नाही.

आणि शेजारच्या सीटवर वहिनी. वहिनी मूळच्या अबोल. पण गेली दोन-तीन वर्षं गाडीत बसल्या की त्यांना कंठ फुटायचा. "अगं बाई, केवढा ट्रक आलाय समोरून." "हा सिग्नल लाल झाला की लवकर सुटतच नाही बघा." "आता वळण आलं वाटतं, डावीकडे." आम्ही त्याला वहिनींची कॉमेंट्री म्हणायचो. कोलोरॅडोच्या वाटेवर, नेब्रास्कातल्या सरळसोट रस्त्यावर दोन दिवस ती ऐकून माझं डोकं उठलं. डोळे मिटून म्हटलं, वहिनी, दिसतंय हो आम्हाला सगळ्यांना. त्या मागे वळल्या नाहीत. नुसत्या हसल्या आणि म्हणाल्या, "पुढे काम चालू आहे हं, एकच लेन आहे."

रोज पाच वाजले की दादा म्हणत, चला, हॉटेल गाठू. रेस्टॉरंटमध्ये मेन्यू हातात न घेता म्हणत, तुम्हीच मागवा. वयाप्रमाणे माणूस दमतो, असं मी समजले. डोळ्यांदेखत सगळं चाललं होतं आणि मला काही दिसत नव्हतं.

घाट लागायचा होता त्या सकाळी वहिनींनी उलटी होऊ नये म्हणून गोळी काढली. दादा म्हणाले, "नको घेऊस, त्याने झोप येते तुला." त्यांचा स्वर मला उगाचच करडा वाटला. वहिनींनी तरी ती घेतली. रस्ता चढू लागला. उजव्या हाताला दरी, आणि कडेला कठडा नाही. नुसती एक पांढरी रेघ, तिच्यापुढे वीतभर गवत आणि मग काहीच नाही. मी नसलेला ब्रेक दाबू लागले. नवरा म्हणाला, "सुरू झाली बघा हिची ब्रेक सर्व्हिस," आणि दादा मोठ्याने हसले.

अर्ध्या तासाने गाडीत शांतता झाली. वहिनींची मान खिडकीवर कलली होती. मला आधी बरं वाटलं, सुटलो एकदाचे. मग माझं लक्ष दादांच्या हातांकडे गेलं. बोटं पांढरी पडली होती. मान किंचित वाकडी करून ते कडेच्या पांढऱ्या रेघेकडे बघत होते, समोर नाही. गाडीचा वेग कमी कमी होत होता आणि मागच्या गाड्या हॉर्न देत होत्या.

पुढे एक सायकलवाला चढ चढत होता. पोपटी जाकीट, पाठीवर पिवळी पिशवी, लांबून दिसावा असाच. मला तो केव्हाचा दिसत होता. दादा आता बाजूने काढतील, आता काढतील, म्हणून मी पाय दाबत राहिले. गाडी सरळ त्याच्याकडे चालली होती.

"दादा, सायकल!" मी किंचाळले.

गाडी डावीकडे झोकांडली, रस्त्यामधली पिवळी रेघ ओलांडून परत आली. सायकलवाला ओरडलेला ऐकू आला. नवरा म्हणाला, "अगं, त्यांना दिसत नाही का? उगीच घाबरवतेस चालवणाऱ्याला." दादा हसले नाहीत.

तेव्हा मला सगळं कळलं. बोगदे कळले, मेन्यू कळला, पाचचं हॉटेल कळलं. ती कॉमेंट्री नव्हतीच. दोन-तीन वर्षं वहिनी त्यांना रस्ता वाचून दाखवत होत्या, आमच्यादेखत. आणि आता त्या झोपल्या होत्या आणि आम्ही चौघं दरीच्या काठावरून चाललो होतो.

मी पुढे वाकले. वहिनींना हलवलं तर त्या नुसत्या हुंकारल्या. मग माझ्या तोंडून आपोआप शब्द यायला लागले. "समोरून पांढरी व्हॅन येतेय, दादा. गेली. आता डावीकडे वळण आहे, मोठं."  नवरा माझ्याकडे वेड लागल्यासारखं बघत होता. दादा माझ्या शब्दांबरहुकूम स्टिअरिंग फिरवत होते, हे मला जास्त भीतिदायक वाटलं. थांबा म्हणावं तर कुठल्या तोंडाने? ज्यांनी मला या देशात गाडी चालवायला शिकवलं त्यांनाच मी स्टिअरिंगवरून उतरवायचं? आणि नाही उतरवलं तर?

पुढे दरीच्या कडेला गाड्या लावायची जागा दिसली. मी म्हटलं, "दादा, मला भीती वाटतेय. इंडिकेटर द्या, बाजूला घ्या आणि थांबा. उजवीकडे जागा आहे."

त्यांनी लगेच इंडिकेटर दिला.

गाडी थांबली. दादांनी इंजिन बंद केलं. मग उतरले, माझं दार उघडलं आणि चावी माझ्यापुढे धरली. माझ्या नवऱ्याला म्हणाले, "ही फार घाबरलीये रे. तुझा तो गुडघा ऑपरेशनचा, तू नको. हिलाच चालवू दे." आयुष्यात पहिल्यांदा माझ्या भित्रेपणाची कुणी थट्टा केली नाही. दादांना आज त्या भित्रेपणाची गरज होती.

मी घाटात कधी गाडी चालवली नव्हती. गुंगीतल्या वहिनींना मागे नवऱ्याशेजारी बसवलं, दादा माझ्या शेजारी बसले. उतार सुरू झाला. मी खराखुरा ब्रेक दाबत उतरत होते. तिसऱ्या वळणावर वहिनींना जाग आली. डोळे पुरते उघडायच्या आतच त्या घाईघाईने म्हणाल्या, "अहो, समोर बस आहे हं, मोठी बस."

"राहू दे गं आता," दादा म्हणाले. "तिला दिसतंय."

मागे वहिनी रडू लागल्या. आरशात बघायची माझी हिंमत झाली नाही. रस्त्यावरची नजर काढायला मी घाबरत होते.