चातुर्मासातली रंगीत बिल्डिंग

आमच्या गुरुवार मंडळात पोथी ऐकायला आम्ही अकरा जणी जमतो आणि उठताना निदान बारा किस्से घेऊन उठतो. पोथीचा अध्याय पुढच्या गुरुवारपर्यंत कुणाला आठवत नाही, किस्से मात्र शब्दासकट पाठ असतात. यंदाच्या चातुर्मासात तर इतके साठले, की मंदाकाकू म्हणाल्या, "वहिनी, तू लिहून काढ. मले आता हसता हसता खोकला येते."

हिंगणघाटात राहून आम्ही बायकांनी फोटोग्राफी केली, त्याची ही गोष्ट. देवाची कृपा म्हणून कुणी गाडीखाली आलं नाही.

* * *

आषाढी एकादशीला आमच्याकडे नेम धरायची पद्धत आहे. चार महिने काहीतरी सोडायचं, नाहीतर काहीतरी रोज करायचं. मंदाकाकू दरवर्षी कारलं सोडतात. कारलं त्यांनी जन्मात कधी खाल्लेलं नाही.

यंदा सुषमाताईंनी नवीन नेम काढला. सुषमाताई निवृत्त मुख्याध्यापिका. अजूनही बोलायला लागल्या की आम्ही पदर सावरून ताठ बसतो. त्या म्हणाल्या, "देवाने एवढे रंग निर्माण केले, माणसाने त्यातून गाव रंगवलं, आणि आपण मान खाली घालून चालतो. कार्तिकीपर्यंत रोज आपल्या गावाचा एक फोटो काढून ग्रुपवर टाकायचा."

मला हा नेम मनापासून आवडला. पाहणं हीसुद्धा सेवाच की!

पहिल्या दिवशी ग्रुपवर अकरा फोटो आले. दहा आपापल्या तुळशीवृंदावनाचे. अकरावा मंदाकाकूंच्या अंगठ्याचा. त्यांचं म्हणणं, मागे गाव आहे, नीट पाहा.

* * *

मी मात्र तिसऱ्याच दिवशी अडकले.

बाजारातून देवळाकडे वळताना कोपऱ्यावर शेठजींची बिल्डिंग लागते. शेठजींच्या वडिलांनी कापसाच्या धंद्यात बांधलेली. मी सव्वीस वर्षं तिच्याखालून जाते आहे आणि सव्वीस वर्षं माझं लक्ष शेण, खड्डे आणि अंगावर येणाऱ्या मोटारसायकलींकडे. त्या दिवशी नेमासाठी म्हणून मान वर केली आणि तशीच उभी राहिले.

खाली दुकानं. त्यावर पहिला मजला गुलाबी, दुसरा पिस्त्याच्या रंगाचा, तिसरा हळदीचा. खिडक्या मोरपंखी निळ्या. खिडक्यांवर अर्धगोल कमानी, त्यात लाल-हिरव्या काचा. म्हणे घरात लग्न निघालं की शेठजींचे वडील एक मजला नव्याने रंगवायचे, आणि रंग नवरीला विचारायचे.

समोर दोन मोठी कॉम्प्लेक्स झाली आहेत. त्यांच्या फटीतून संध्याकाळचं ऊन या बिल्डिंगवर पडतं, ते दोन आरत्या आणि मंत्रपुष्पांजली होईल एवढाच वेळ. त्या वेळात सगळे रंग पेटतात. मी ठरवलं, एकच फोटो काढायचा. सगळे मजले, सगळे रंग, आणि मध्ये विजेची एकही तार नको.

घरी येऊन सांगितलं तर हे म्हणाले, "लवकर काढ. पंकज त्यावर शीट मारून राह्यला."

पंकज म्हणजे शेठजींचा मुलगा. पुण्याहून परतलेला. दसऱ्याच्या दुसऱ्या दिवसापासून अख्ख्या बिल्डिंगवर पत्र्यासारखे राखाडी शीट बसणार होते. समोरच्या दोन्ही कॉम्प्लेक्सवर तसेच आहेत. बँकेवर आहेत, मोबाईलच्या दुकानावर आहेत, दाताच्या दवाखान्यावर आहेत. एवढी राख तर राखेने भांडी घासायच्या काळातही आम्ही एका जागी पाहिली नव्हती.

म्हणजे माझ्याकडे दसऱ्यापर्यंतचाच वेळ होता.

* * *

एकटी रस्त्यात उभी राहायला संकोच वाटतो, म्हणून मी पाच-सहा जणींना सोबत नेलं. समोरच्या ओट्यावर चढून फोटो बरा येईल असं सुषमाताई म्हणाल्या. ओटा कपड्याच्या दुकानाचा, पण नुकताच धुतलेला. मंदाकाकूंनी सवयीने चपला खाली काढल्या. त्यांच्या मागोमाग सगळ्यांनी काढल्या. मोबाईल धड चालवता येत नाही म्हणून मंदाकाकू हात जोडून, डोळे वर लावून, ढग बाजूला व्हायची वाट पाहत उभ्या राहिल्या.

ऊन आलं नाही. दुसऱ्या दिवशी पुन्हा गेलो. तिसऱ्या दिवशी पुन्हा.

चौथ्या दिवशी पाहतो तर आमच्या मागे वीसेक माणसं अनवाणी उभी! एका बाईने बिल्डिंगच्या पायरीशी नारळ फोडला. कुणीतरी उदबत्ती खोचली. शेजारच्या गावाहून आलेल्या एका म्हाताऱ्याने मला हळूच विचारलं, "बाई, कोनत्या खिडकीत दिसते?"

मी काही सांगायच्या आत मंदाकाकूंनी बोट दाखवलं. "तिसऱ्या माळ्यावर. पन ऊन पडल्यावरच."

म्हातारा चार दिवस येत होता. पाचव्या दिवशी त्याला दिसलंही म्हणे.

* * *

गर्दीचा त्रास नको म्हणून जागा बदलली. रस्त्याच्या पलीकडे, वळणाजवळ. तिथून बिल्डिंग पूर्ण मावते. त्या दिवशी ऊनही वेळेवर आलं. आम्ही सहा जणींनी एकदम मोबाईल वर उचलले.

आणि एसटी थांबली!

बरोब्बर आमच्या आणि बिल्डिंगच्या मध्ये. सहा बायका हात वर करून उभ्या दिसल्यावर थांबेल नाहीतर काय करेल? कंडक्टर दार उघडून म्हणाला, "बसा मावशी, वर्ध्याले जागा हाय." सुषमाताईंनी शुद्ध मराठीत समजावलं, की आम्ही वास्तुकलेचं छायाचित्रण करत आहोत. तो म्हणाला, "ते वर्ध्यात उतरून करजा. पैले बसा."

आमच्यातली एक म्हणाली, आम्हाला कुठेच जायचं नाही. कंडक्टरचा चेहरा उतरला. "मंग हात काऊन दाखवला?"

या बोलाचालीत दोन्ही आरत्या आणि मंत्रपुष्पांजली संपली. बस निघून गेली तेव्हा बिल्डिंगवर सावली होती. आणि मंदाकाकू नव्हत्या.

रात्रीच्या जेवणाआधी त्या वर्ध्याहून परतल्या. म्हणाल्या, "मानूस एवढ्या मायेनं गाडी थांबवते. कोनी तरी बसाले पायजे का नाई?"

* * *

भाद्रपदात सुषमाताईंनी ठरवलं की आमचं तंत्र कच्चं आहे. त्यांच्या ओळखीचे एक मोठे फोटोग्राफर नागपूरहून मार्गदर्शनाला बोलावले. गळ्यात कॅमेरा, अंगात बारा खिशांचं जाकीट. चातुर्मासात आम्हाला पाहुणा देवासारखा, म्हणून त्यांना चौरंगाशेजारची खुर्ची दिली.

त्यांनी माझा त्यातल्या त्यात बरा फोटो मोठ्या पडद्यावर लावला. दोन तारा आडव्या होत्या, पण रंग आले होते. ते बराच वेळ पाहत राहिले आणि म्हणाले, "सब्जेक्ट चांगला आहे, पण रंग फार भडक. रंगांमुळे लक्ष विचलित होतं." मग त्यांनी एक बटण दाबून तो काळा-पांढरा केला. "आता बघा. आता यात आत्मा आला."

आत्म्याला रंग नसतो हे मीही पोथीत ऐकलं आहे. पण नवरीला विचारून लावलेल्या रंगाला आत्मा असतो ना हो! माझ्या डोळ्यांत पाणी आलं. मी समई नीट करायच्या निमित्ताने खाली वाकले.

मंदाकाकू उठून आत गेल्या. पाहुण्यांसाठी वेलदोड्याचा दुधाचा चहा केलेला होता. तो त्यांनी आम्हा सगळ्यांना दिला. पाहुण्यांपुढे ठेवला बिनदुधाचा, बिनसाखरेचा काळा काढा आणि बाजूला पांढऱ्या कपात पाणी.

"तुमाले रंग चालत नाई म्हने," त्या म्हणाल्या. "घ्या."

* * *

नवरात्र आलं तरी फोटो नाही. कधी ढग, कधी तार, कधी मिरवणुकीची कमान. शेवटी मी स्वतः पंकजकडे गेले.

मुलगा संस्कारी. खाली वाकून पाया पडला, पाणी दिलं आणि मग म्हणाला, "काकू, हे रंग डाउनमार्केट दिसतात. लोकांना क्लासी लागतं."

त्याने मोबाईलवर नवी बिल्डिंग दाखवली. वरपासून खालपर्यंत राखाडी. खाली कोट घातलेली गोरी माणसं चालत होती, एका बाईच्या गळ्यात लोकरीचा मफलर, आणि दारात बर्फातलं कसलंसं झाड.

मी म्हटलं, "बाळा, ही माणसं मे महिन्यात कुठे जातील?"

तो हसला. म्हणाला, ते कॉम्प्युटरने आपोआप येतं. मी म्हटलं, दिवाळीपर्यंत तरी थांब. तो म्हणाला, माणसं ठरली आहेत, शीट आले आहेत. आणि पुन्हा पाया पडला. आजकाल नकार असा मिळतो, वाकून!

बाहेर ओट्यावर खुर्ची टाकून शेठजी बसले होते. ऐंशी पार केलेले, दोन्ही डोळ्यांचं ऑपरेशन झालेलं. त्यांनी सगळं ऐकलं होतं. मला नमस्कार केला आणि वर, तिसऱ्या मजल्याकडे पाहत म्हणाले, "वो हल्दी रंग हमारी घरवाली का है. तिनं सांगितला होता." त्यांच्या पत्नीला जाऊन सहा वर्षं झाली.

त्या रात्री मी देवीला एवढंच म्हटलं, की बिल्डिंग वाचव असं मागत नाही, एक स्वच्छ संध्याकाळ दे. जे झाकायचं ते झाकलं जाईलच. आधी कुणीतरी ते डोळे भरून पाहिलेलं असावं.

* * *

दसऱ्याला आमच्याकडे घरातल्या हत्यारांची पूजा होते. विळी, पावशी, शिलाई मशीन, यांची स्कूटर. यंदा मी पाटावर मोबाईलही ठेवला. तीन महिने त्याच्याकडून नेमाची सेवा घेतलेली. त्याला हळद लावली, कुंकू लावलं, झेंडू वाहिला. मोबाईलला मागे तीन डोळे आहेत. अगदी शंकरासारखे! तिन्हींना हळदीकुंकवाचं एकेक बोट ओढलं. हे म्हणाले, आता नैवेद्यही दाखव, चार्जिंगचा.

संध्याकाळी सोनं वाटायला निघालो. आभाळ धुतल्यासारखं होतं. बिल्डिंगपुढे बांबूंचा ढीग आणि राखाडी शीटची थप्पी येऊन पडली होती. ऊन आलं. बस आली नाही, मिरवणूक आली नाही. मी मोबाईल उचलला आणि एकच फोटो काढला.

पाहिला, आणि पुन्हा पाहिला. गुलाबी होता, पण आतून दिवा लावल्यासारखा. पिस्ता मऊ झाला होता. तिसरा मजला तर तापलेल्या तांब्यासारखा. कडा आरतीच्या धुरातून दिसाव्यात तशा विरत होत्या. आणि ज्या तारांनी मला तीन महिने छळलं, त्यांचा मागमूस नाही! पोटभर जेवल्यावर येतो तसा एक सुस्कारा माझ्या तोंडून निघाला. इतकी तृप्ती मला उद्यापनालाही कधी झाली नव्हती.

शेठजींना आपट्याचं पान दिलं आणि फोटो दाखवला. त्यांनी मोबाईल डोळ्यांजवळ नेला, लांब नेला, पुन्हा जवळ नेला. मग पंकजला हाक मारली.

"असाच होता," ते म्हणाले. "ती आली त्या दिवशी असाच होता. शीट परत पाठव. मला हा रंग पाहिजे."

पंकजने वडिलांचा चेहरा पाहिला, फोटो स्वतःच्या मोबाईलवर घेतला आणि मला विचारलं, "काकू, फिल्टर कोणता?" मी म्हटलं, देवीची कृपा.

घरी येताच यांनी माझा मोबाईल कापडाने स्वच्छ पुसून ठेवला. त्यानंतरचे माझे सगळे फोटो पुन्हा पहिल्यासारखे फिके. सुषमाताई म्हणाल्या, असं भाग्य एकदाच उघडतं.

* * *

दिवाळीच्या आठवडाभर आधी दारात पेंटर उभा. हातात शेडकार्ड, अंगभर सात प्रकारचे पिवळे डाग. पंकजने पाठवला होता.

बिचारा रडकुंडीला आला होता. "बाई, भितीवर सात डब्बे लावून पाह्यले. मशीनवर मिसळून पाह्यला. शेठजी म्हनते हा नाई, हा बी नाई. फोटोतला पिवळा पिवळा नाई आन् गुलाबी गुलाबी नाई. कंपनीत असा रंगच नाई. कोन्ता हाय, सांगून टाका."

मी त्याच्या हातातला फोटो पाहिला. मग माझा मोबाईल उलटा करून त्याच्या तीन डोळ्यांकडे बराच वेळ पाहिलं.

आत गेले, देवघरातला करंडा घेऊन आले आणि पेंटरच्या हातात दिला.

"पैले हळद," मी म्हटलं, "मंग कुंकू. अन् भाऊ, बोट हलकं ठेवजो."