स्ट्रॉबेरी की खिळा?

माझा धाकटा भाऊ दे-फा तैवानमधल्या च्याई गावात न्याहारीचं दुकान चालवतो. तव्यावर अंड्याच्या पोळ्या उलटता उलटता टीव्हीवरच्या बातम्यांशी भांडतो आणि कॉलेजची पोरं आली की त्यांना धारेवर धरतो. "नुसत्या स्ट्रॉबेऱ्या! बोट लागलं की डागाळतात. उद्या समुद्रापलीकडून कोणी चालून आलं, तर देशासाठी उभं कोण राहणार?" पोरं हसतात, सोयादूध घेऊन जातात. वैताग मला येतो.

गेल्या आठवड्यात त्याची नात यी-च्युन आली आणि उभ्याउभ्याच म्हणाली, "आजोबा, मी सैन्यात नाव घातलंय. सोमवारी निघते."

दे-फाचं उलथनं हवेतच राहिलं. मग तोंडून निघाली ती आमच्या वडिलांची म्हण, "चांगल्या लोखंडाचे खिळे करत नाहीत, चांगली पोरं शिपाई होत नाहीत! बँकेत लाग गुमान."

"म्हणजे गेले नाही तर स्ट्रॉबेरी, गेले तर खिळा?"

"तू माझी नात आहेस!"

"बाकीचीही कुणाची तरी नातवंडंच आहेत की."

तो माझ्याकडे वळला. "ताई, तू तरी सांग तिला. शिकलेली ना तू?"

"काय सांगू? देश देश करून तूच तिचे कान किटवलेस. आता ती निघाली, तर तुझीच गाळण उडाली होय?"

सोमवारी तो स्टेशनवर आला, पण 'जा' म्हणाला नाही. फलाटाच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत नुसत्या येरझारा. गाडी सुटल्यावर मला विचारतो, "ताई, मी आपलं बोलायचो गं. तिनं ते खरं कसं धरलं?"