सटवा वल्द मारोती

तिकीट लिलावात द्यायचं म्हणून नवऱ्यानं माझ्या बापाला आलेल्या पत्राचं जुनं पाकीट उकळत्या पाण्याच्या वाफेवर धरलं होतं आणि निजामाच्या काळातलं ते टपालाचं तिकीट एका कोपऱ्यानं सुटायला लागलं होतं. ओल्या डिंकाचा वास घरभर झाला होता. आजही चहाची वाफ तोंडावर आली की तोच वास येतो. मी ओरडून पाकीट हिसकलं.

"काहून वरडून राहिली? तिकीट इकतं, कागद न्हाई."

"कागदावर माझ्या बापाचं नाव हाय. तुमच्या बापाला कुणी पत्र धाडलं व्हतं का?"

नवऱ्यानं पाण्याचं भांडं खाली उतरवलं. तिकिटातलं मलाही काही कळत नव्हतं.

हैदराबादच्या लिलावात सुट्या तिकिटांकडे कुणी बघेना. आमचं पाकीट वर धरून तिथला माणूस म्हणाला, तिकीट आणि शिक्का पाकिटावर जागच्या जागी आहेत, असं सहसा मिळत नाही. मग त्यानं पत्ता मोठ्यानं वाचला. सटवा वल्द मारोती, मुक्काम सेनगाव. कोटवाल्यांचे हात भराभर वर गेले. ज्याला गावानं जन्मभर 'ए सटव्या' म्हणून हाक मारली, त्याच्या नावावर बोली चढत होती. नवरा तर असा छाती काढून बसला, जसा काही त्याचाच बाप.

त्या हॉलात सेनगावचे आम्ही दोघंच होतो. नवरा गेला, आता ती बोली आठवणारी मी एकटी आहे.